टी-मूल्याचे मर्म छेदात आहे

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन शंका एकत्र विचारल्या आहेत. सरासरीतील फरक खरा की योगायोगाचा हे तपासताना नमुना ३० पेक्षा लहान असेल तर टी-चाचणी आणि मोठा असेल तर झेड-चाचणी, हा नियम तिला पाठ आहे, पण तो कुठून आला हे ठाऊक नाही. टी-मूल्य तक्त्यातील आकड्यापेक्षा मोठे आले की शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक काहीच नाही’ हे गृहीत, नाकारायची हे तिला जमते, पण त्या मूल्याने नेमके काय मोजले असे कोणी विचारले तर सांगता येत नाही. तिसरी शंका अशी की, एकाच आकडेवारीवर जोडीची टी-चाचणी (जिच्यात मापे दोन-दोन अशी जुळवलेली असतात) लावली तर एक निष्कर्ष निघतो आणि स्वतंत्र नमुन्यांची लावली तर दुसरा, हे कसे शक्य आहे?

या तिन्ही शंकांचे उत्तर एकाच जागी सापडते, आणि ती जागा म्हणजे टीच्या सूत्रातील छेद. शिकवताना आणि शिकताना सगळ्यांचे लक्ष अंशाकडे जाते, कारण ज्या फरकाविषयी कुतूहल असते तो अंशात असतो. शेतीचे प्रयोग आणि औषधांच्या चाचण्या यांची आकडेवारी अनेक वर्षे हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, टी-चाचणीत होणाऱ्या बहुतेक चुका छेद न समजल्यामुळे होतात. म्हणून हे उत्तर मी छेदाभोवतीच रचतो आहे.

सूत्र शब्दांत मांडू. अंशात नमुन्याची सरासरी घेऊन तिच्यातून शून्य परिकल्पनेने सांगितलेली सरासरी वजा केलेली असते. छेदात नमुन्याच्या प्रमाण विचलनाला (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरले आहेत याच्या मापाला) नमुन्याच्या आकाराच्या वर्गमुळाने भागलेले असते. या छेदाला प्रमाण त्रुटी, म्हणजे वर्गात आपण ज्याला स्टँडर्ड एरर म्हणतो, ते नाव आहे. असाच नमुना पुन्हा पुन्हा घेतला असता तर दर वेळी सरासरी थोडी वेगळी आली असती; ती साधारण किती इकडेतिकडे झाली असती याचा अंदाज प्रमाण त्रुटी देते. त्यामुळे टी-मूल्य ३ आले याचा अर्थ एवढाच की, आपली सरासरी शून्य परिकल्पनेच्या आकड्यापासून तीन प्रमाण त्रुटी इतकी दूर आहे. तास, इंच, किलो ही सगळी एकके अंशात आणि छेदात सारखीच असल्यामुळे कटून जातात. म्हणूनच झोपेच्या तासांसाठी आणि मक्याच्या उंचीसाठी एकच तक्ता चालतो.

आता छेदातील खरी अडचण पाहू. समष्टीचे, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या समूहाचे, खरे प्रमाण विचलन आपल्याला आधीच माहीत असते, तर छेद ही स्थिर संख्या झाली असती आणि येणारे मूल्य झेड असते. प्रत्यक्षात ते माहीत नसते. ज्या नमुन्यातून सरासरी काढली, त्याच नमुन्यातून प्रमाण विचलनही अंदाजाने काढावे लागते, म्हणजे नमुना बदलला की अंशाबरोबर छेदही बदलतो. लहान नमुन्यात कधी कधी योगायोगाने सगळे आकडे एकमेकांजवळ येतात. तेव्हा छेद उगाच लहान होतो आणि टी-मूल्य फुगते, समष्टीत फरक काहीच नसला तरी. शून्य परिकल्पना खरी असतानाही टीची मोठी मूल्ये झेडपेक्षा अधिक वेळा दिसतात, ती छेदाच्या या डळमळीतपणामुळे. टी-वितरणाची टोके जाड असतात असे आपण म्हणतो, त्याचे कारण हेच आहे.

ही गोष्ट नीट ओळखून तिचा हिशेब मांडला तो विल्यम सीली गॉसेट यांनी. ते १८९९ पासून डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कंपनीत काम करत होते. तिथे बार्ली आणि हॉप्स यांच्यावरील प्रयोगांत चार, सहा, दहा इतकीच निरीक्षणे हाती येत, आणि त्या काळी प्रचलित असलेल्या पद्धती मोठ्या नमुन्यांसाठी होत्या. लंडनमध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केल्यानंतर गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात आपला निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने छापला. स्टुडंटची टी-चाचणी हे नाव तिथून आले. या निबंधातील मला सर्वांत आवडणारा भाग त्यांनी केलेल्या पडताळणीचा आहे. ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी अशी मापे उपलब्ध होती. गॉसेट यांनी ती पत्त्यांसारख्या तुकड्यांवर लिहून चांगली पिसली, चार-चारचे ७५० नमुने केले आणि गणिताने काढलेले वितरण या नमुन्यांशी जुळते का ते पाहिले. आज आपण संगणकावर जे अनुकरण काही क्षणांत करतो, ते त्यांनी हातांनी केले. विद्यार्थ्यांनी एकदा तरी चार-चारचे नमुने स्वतः काढून पाहावेत, असे मी आवर्जून सांगतो. छेद किती हलतो हे डोळ्यांना दिसल्याशिवाय पटत नाही. आज आपण वापरतो ते टीचे रूप मात्र गॉसेट यांच्या मूळ मांडणीपेक्षा थोडे वेगळे आहे; त्याला हा आकार आणि स्वातंत्र्यमात्रांची भाषा संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी दिली.

स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम, हा शब्द ऐकून विद्यार्थी घाबरतात. खरे तर तोसुद्धा छेदाविषयीच बोलतो. दहा आकड्यांची सरासरी काढून प्रत्येक आकड्याचे तिच्यापासूनचे अंतर घेतले, तर त्या दहा अंतरांची बेरीज नेहमी शून्यच येते. म्हणजे नऊ अंतरे कळली की दहावे आपोआप ठरते. प्रमाण विचलनाचा अंदाज करण्यासाठी आपल्याजवळ नऊच स्वतंत्र माहिती-तुकडे आहेत, म्हणून भागाकार नऊने करायचा आणि तक्त्यातही नऊची ओळ पाहायची. छेद किती भरवशाचा आहे, याचे माप म्हणजे स्वातंत्र्यमात्रा.

३० चा नियमही इथेच उलगडतो. दोन्ही टोके मिळून ५ टक्के संभाव्यता सोडायची असेल तर झेडसाठी सीमा, म्हणजे तक्त्यातील आकडा, १.९६ आहे. टीसाठी ती स्वातंत्र्यमात्रा ३ असताना ३.१८२, ९ असताना २.२६२ आणि २९ असताना २.०४५ आहे. चार निरीक्षणांच्या नमुन्यावर कोणी १.९६ ची सीमा लावली, तर आपण ५ टक्के चूक (खरी शून्य परिकल्पना नाकारली जाण्याची शक्यता) पत्करतो आहोत अशा समजुतीत तो प्रत्यक्षात सुमारे साडेचौदा टक्के चूक पत्करत असतो. दहा निरीक्षणांना हे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि तीस निरीक्षणांना सुमारे ६ टक्के होते. म्हणजे ३० या आकड्यापाशी निसर्गाचा काही नियम बदलत नाही; तिथे टी आणि झेड यांतील अंतर कागदी तक्त्यांच्या काळात दुर्लक्ष करण्याइतके कमी झालेले होते, एवढेच. नियम असा लक्षात ठेवावा: समष्टीचे प्रमाण विचलन माहीत नसेल आणि ते नमुन्यातूनच काढले असेल, तर नमुना १० चा असो वा १,००० चा, टी वापरावे. नमुना मोठा असेल तर टी आपोआप झेडजवळ जाईल. परीक्षेत ३० चा नियम विचारला तर तो लिहावा, पण प्रत्यक्ष कामात त्याची गरज नाही.

आता जोडीच्या प्रश्नाकडे वळू. यासाठी गॉसेट यांनी १९०८ च्या निबंधात वापरलेलीच आकडेवारी घेऊ, कारण टी-चाचणीतील जवळजवळ प्रत्येक धडा तिच्यात आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलमझू येथील मनोरुग्णालयातील दहा रुग्णांना दोन निद्राकारक औषधे वेगवेगळ्या वेळी दिली गेली, आणि औषधाविना येणाऱ्या झोपेपेक्षा किती तास अधिक झोप लागली ते नोंदवले गेले. कश्नी आणि पीबल्स यांनी ही निरीक्षणे १९०५ मध्ये प्रसिद्ध केली होती. पहिल्या औषधाने मिळालेली वाढ तासांत अशी होती: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०.० आणि २.०. दुसऱ्या औषधाने, त्याच रुग्णांना त्याच क्रमाने, अशी: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६ आणि ३.४. वाचकांनी हे आकडे कागदावर उतरवून पुढील हिशेब स्वतः करून पाहावेत.

आधी प्रत्येक औषध एकेकटे तपासू. पहिल्या औषधाची सरासरी ०.७५ तास, प्रमाण विचलन १.७९, प्रमाण त्रुटी ०.५७ आणि टी-मूल्य १.३३ येते. नऊ स्वातंत्र्यमात्रांची सीमा २.२६२ असल्यामुळे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. दुसऱ्या औषधाची सरासरी २.३३ तास, प्रमाण विचलन २.००, प्रमाण त्रुटी ०.६३ आणि टी-मूल्य ३.६८ येते, इथे शून्य परिकल्पना नाकारली जाते, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत निकाल सार्थक ठरतो. या टप्प्यावर एक फार मोठी चूक होते. ‘दुसरे औषध सार्थक, पहिले असार्थक, म्हणून दुसरे औषध पहिल्यापेक्षा चांगले’ असे वाक्य मी शोधनिबंधांच्या मसुद्यांत कितीतरी वेळा खोडले आहे. या दोन चाचण्यांनी प्रत्येक औषधाची तुलना शून्याशी केली आहे. औषधांची आपापसांत तुलना अजून झालेलीच नाही. ती करायची असेल तर दोघांतील फरकच अंशात आला पाहिजे आणि छेदात त्या फरकाची प्रमाण त्रुटी आली पाहिजे.

पहिल्या औषधाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याची शून्य परिकल्पना आपण नाकारली नाही, पण याचा अर्थ ते औषध निरुपयोगी ठरले असा नाही. ०.७५ च्या दोन्ही बाजूंना २.२६२ प्रमाण त्रुटी घेतल्या तर ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे खऱ्या सरासरीच्या संभाव्य मूल्यांचा पट्टा, −०.५३ पासून २.०३ तासांपर्यंत पसरतो. हे औषध झोप अर्धा तास कमी करत असेल किंवा दोन तास वाढवत असेल, या दोन्ही शक्यता हाती आलेल्या आकड्यांशी सुसंगत आहेत. म्हणून ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ असे लिहू नये, ‘नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही’ असे लिहावे. हा केवळ शब्दांचा सोवळेपणा नाही. दहा रुग्णांवर झालेल्या चाचणीतून एखादे चांगले औषध ‘परिणामशून्य’ म्हणून बाजूला पडले, तर त्याची किंमत पुढचे रुग्ण मोजतात.

आता दोन औषधांची तुलना करू. दोन्ही सरासरींतील फरक १.५८ तास आहे, आणि चाचणी कोणतीही लावली तरी अंशात हाच आकडा राहतो. हे दोन वेगवेगळ्या दहा-दहा रुग्णांचे गट आहेत असे मानले, तर दोन्ही प्रमाण त्रुटींचे वर्ग बेरजेत घेऊन आणि त्या बेरजेचे वर्गमूळ काढून फरकाची प्रमाण त्रुटी ०.८५ येते, टी-मूल्य १.८६ होते, १८ स्वातंत्र्यमात्रांची सीमा २.१०१ आहे आणि पी-मूल्य (शून्य परिकल्पना खरी असताना इतके टोकाचे टी-मूल्य दिसण्याची संभाव्यता) सुमारे ०.०८ निघते. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. आता रुग्ण तेच आहेत ही गोष्ट लक्षात घेऊन प्रत्येक रुग्णाचा स्वतःचा फरक काढू: १.२, २.४, १.३, १.३, ०.०, १.०, १.८, ०.८, ४.६ आणि १.४. यांचे प्रमाण विचलन १.२३, प्रमाण त्रुटी ०.३९, टी-मूल्य ४.०६ आणि पी-मूल्य सुमारे ०.००३ आहे. अंश तोच राहिला, छेद निम्म्याहून कमी झाला आणि निष्कर्ष उलटला.

छेद लहान का झाला, हे समजणे म्हणजे जोडीची चाचणी समजणे. सातव्या रुग्णाला पहिल्या औषधाने ३.७ तास आणि दुसऱ्याने ५.५ तास अधिक झोप लागली. चौथ्याला पहिल्याने १.२ तास कमी आणि दुसऱ्याने जेमतेम ०.१ तास अधिक. काही माणसांवर कोणतेही निद्राकारक औषध चांगले लागू पडते, काहींवर पडत नाही. माणसामाणसांतील हा फरक पहिल्या पद्धतीत पूर्णपणे छेदात जाऊन बसतो, जरी आपला प्रश्न माणसांविषयी नसून औषधांविषयी असला तरी. आकड्यांत सांगायचे तर दोन्ही औषधांच्या प्रचरणांची, म्हणजे प्रमाण विचलनांच्या वर्गांची, बेरीज ७.२१ आहे, पण दोन्ही स्तंभ बरोबरीने वरखाली होत असल्यामुळे रुग्णागणिक फरकांचे प्रचरण फक्त १.५१ उरते. प्रत्येक रुग्ण स्वतःशीच ताडून पाहिला की त्याचा स्वभाव वजाबाकीत निघून जातो. या लाभाची किंमतही द्यावी लागते: स्वातंत्र्यमात्रा १८ वरून ९ वर येतात आणि सीमा २.१०१ वरून २.२६२ वर जाते. इथे लाभ किमतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. पण जोडीतील दोन मापांत खरे नाते नसेल, तर नुसती किंमतच पडते.

मात्र कोणती चाचणी लावायची, हे निकाल पाहून ठरवायचे नसते. ते प्रयोगाच्या रचनेने आधीच ठरलेले असते. एकाच व्यक्तीचे आधीचे आणि नंतरचे माप, एकाच शेताचे दोन लगतचे वाफे, एकाच नमुन्याचे दोन उपकरणांवरचे वाचन, या जोड्या आहेत. दोन वेगळ्या वर्गांतील प्रत्येकी वीस विद्यार्थी हजेरीच्या क्रमांकाने समोरासमोर लिहिले म्हणून त्यांच्या जोड्या होत नाहीत; उलट खऱ्या जोड्या मोडणे हीही तितकीच चूक आहे. चार्ल्स डार्विन यांनी मक्याची परपरागित आणि स्वपरागित रोपे जोड्यांनी वाढवून त्यांची उंची मोजली होती, आणि ते आकडे त्यांनी तपासणीसाठी संख्याशास्त्राचे जाणकार फ्रान्सिस गॉल्टन यांच्याकडे दिले. गॉल्टन यांनी दोन्ही गट उंचीच्या क्रमाने लावून समोरासमोर मांडले, त्यामुळे डार्विन यांनी कष्टाने जुळवलेल्या जोड्या विस्कटल्या. १९३५ मध्ये फिशर यांनी हेच आकडे पुन्हा घेताना या मांडणीवर स्पष्ट आक्षेप नोंदवला.

फिशर यांचा हिशेब टीच्या गृहीतांविषयी बोलायलाही उपयोगी पडतो. १५ जोड्यांतील फरकांची सरासरी एक अष्टमांश इंचाच्या एककात २०.९३, म्हणजे सुमारे २.६ इंच, प्रमाण विचलन ३७.७४ आणि टी-मूल्य २.१४८ आले. १४ स्वातंत्र्यमात्रांची सीमा २.१४५ आहे. इतक्या काठावरच्या निकालावर किती विश्वास ठेवावा? टी-वितरण काटेकोरपणे लागू पडते ते समष्टी प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाची, असेल तरच, कारण नमुन्याची सरासरी आणि त्याचे प्रमाण विचलन हे एकमेकांपासून स्वतंत्र असणे केवळ प्रसामान्य समष्टीतच घडते, आणि टीचा सगळा हिशेब अंश व छेद स्वतंत्र आहेत या आधारावर उभा आहे. फिशर यांनी प्रसामान्यतेचे गृहीत बाजूला ठेवून वेगळ्या वाटेने तोच प्रश्न सोडवला. दोन प्रकारच्या रोपांत काहीच फरक नसेल, तर प्रत्येक जोडीतील फरकाचे चिन्ह अधिक येणे वा उणे येणे सारखेच संभवनीय आहे. १५ जोड्यांच्या चिन्हांच्या ३२,७६८ मांडण्या होतात, आणि त्यांपैकी किती मांडण्यांत बेरीज प्रत्यक्ष बेरजेइतकी किंवा तिच्याहून टोकाची येते ते मोजायचे. हे प्रमाण ५.२७ टक्के निघाले. टी-वितरणाने ते ४.९७ टक्के दिले होते. दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी आहेत, म्हणजे गृहीत तंतोतंत खरे नसतानाही टीने मोठी फसवणूक केली नाही. पण एक आकडा ५ च्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला. ५ टक्के ही रेषा आपण सोयीसाठी आखली आहे. तिच्या या बाजूला ‘फरक आहे’ आणि त्या बाजूला ‘फरक नाही’ असे जग दुभंगत नाही, हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

एकटे पडलेले टोकाचे आकडे हा गृहीतांतील सर्वांत त्रासदायक भाग आहे, आणि इथे पुन्हा छेदाकडे पाहावे लागते. झोपेच्या आकड्यांत नवव्या रुग्णाचा फरक ४.६ तास आहे, बाकी कोणाचाही २.४ च्या पुढे नाही. हा रुग्ण वगळला तर टी-मूल्य घटेल असे बहुतेकांना वाटते, कारण दुसऱ्या औषधाच्या बाजूने सर्वांत मोठा आकडा त्याचाच आहे. प्रत्यक्षात उरलेल्या नऊ जणांची सरासरी १.५८ वरून १.२४ वर येते, पण प्रमाण त्रुटी ०.३९ वरून ०.२२ इतकी घसरते आणि टी-मूल्य ४.०६ वरून ५.६६ पर्यंत चढते. आपल्या मताला पूरक असलेल्या टोकाच्या आकड्यानेच पुरावा दुबळा केला होता. याचा अर्थ असे आकडे काढून टाकावेत असा मुळीच नाही. नवव्या रुग्णाला वगळण्याचे कोणतेही कारण आपल्याकडे नाही. याचा अर्थ एवढाच की, टी-चाचणी लावण्याआधी फरकांचा साधा बिंदू-आलेख काढावा आणि छेद कोणत्या आकड्यांनी बनला आहे ते डोळ्यांनी पाहावे. लहान नमुन्यात प्रसामान्यतेच्या औपचारिक चाचण्यांपेक्षा या आलेखावर माझा अधिक भरवसा आहे.

स्वतंत्र नमुन्यांच्या चाचणीत छेदाचा आणखी एक प्रश्न येतो. दोन गटांचे प्रचरण सारखे मानून एकत्रित अंदाज काढायचा, की दोन्ही वेगळे ठेवायचे? प्रचरणे वेगळी असतील आणि लहान गटाचेच प्रचरण मोठे असेल, तर एकत्रित पद्धत ठरवलेल्या प्रमाणापेक्षा अधिक वेळा शून्य परिकल्पना नाकारते. हा प्रश्न बेहरेन्स आणि फिशर यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यात एका मराठी माणसाचे मोलाचे काम आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतले, आणि १९३८ मध्ये ‘संख्या’ या भारतीय नियतकालिकात या चाचणीची सीमामूल्ये प्रसिद्ध केली. पुढे फिशर आणि येट्स यांच्या तक्तासंग्रहात ती समाविष्ट झाली. पोषणाच्या क्षेत्रातील कामामुळे सुखात्मे यांचे नाव आपल्याकडे माहीत असते, हे काम मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते, याची मला खंत वाटते. आज व्यवहारात वेल्च यांनी सुचवलेली पद्धत वापरतात, जिच्यात दोन्ही प्रचरणे वेगळी ठेवून स्वातंत्र्यमात्रा थोड्या कमी केल्या जातात. ‘आर’ या संगणकप्रणालीत टी-चाचणीची आज्ञा दिली की काही वेगळे सांगितले नसल्यास वेल्चचीच पद्धत चालते, त्यामुळे स्वातंत्र्यमात्रा अपूर्णांकात दिसल्या तर गोंधळून जाऊ नये. झोपेच्या आकड्यांवर ती १८ ऐवजी १७.७८ देते. गटांचे आकार सारखे असल्यामुळे टी-मूल्य बदलत नाही. माझा सल्ला असा की, स्वतंत्र नमुन्यांसाठी नेहमी वेल्चच वापरावे. प्रचरणे सारखी असली तरी त्यात फारसे काही गमवावे लागत नाही.

पी-मूल्याविषयी थोडक्यात. जोडीच्या चाचणीतील ०.००३ चा अर्थ असा: दोन औषधांत सरासरी फरक नसता आणि गृहीते बरोबर असती, तर चारच्या पुढचे टी-मूल्य, कोणत्याही दिशेने, हजारांतून सुमारे तीन वेळा दिसले असते. औषधे सारखी असण्याची संभाव्यता ०.००३ आहे असा त्याचा अर्थ नाही. ती वेगळी गोष्ट आहे आणि टी-चाचणी तिच्याविषयी काहीच सांगत नाही. एकतर्फी चाचणी घ्यायची असेल तर तसा निर्णय आकडे पाहण्याआधी झालेला असावा. निकालाची दिशा पाहून एकतर्फी चाचणी निवडणे म्हणजे चुकीची शक्यता गुपचूप दुप्पट करणे आहे.

शेवटी, हा निकाल अहवालात किंवा उत्तरपत्रिकेत कसा लिहावा, हे विद्यार्थिनीने विचारले नसले तरी सांगतो, कारण गुण आणि विश्वास दोन्ही तिथेच जातात. ‘गणन केलेले टी तक्त्यातील टीपेक्षा मोठे आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारली’ एवढ्यावर थांबू नये. असे लिहावे: ‘त्याच दहा रुग्णांत दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा सरासरी १.५८ तास अधिक झोप लागली. ९५ टक्के विश्वास अंतराल ०.७० ते २.४६ तास, जोडीची टी-चाचणी, टी-मूल्य ४.०६, स्वातंत्र्यमात्रा ९, द्वितर्फी पी-मूल्य ०.००३, एका रुग्णाचा फरक, ४.६ तास, इतरांपेक्षा बराच मोठा असून तो विश्लेषणात ठेवला आहे.’ या वाक्यातील अंतराल पाहिला की वैद्याला ठरवता येते की सुमारे पाऊण तासाची वाढ, जी त्याची खालची बाजू आहे, त्याच्या रुग्णासाठी पुरेशी आहे का; आणि तो निर्णय टी-मूल्याकडे पाहून घेता येत नाही.